दुखणे आधी कोणाला कळते

सन १९९८मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील पाच राज्यांमध्ये रुग्णालयातून सुटी होऊन नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांसाठीच्या निवासी शुश्रूषागृहात, दाखल झालेल्या, पासष्ट आणि त्यापुढील वयाच्या १३,६२५ कर्करुग्णांच्या नोंदी रॉबर्टो बर्नाबेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या होत्या. त्यांपैकी ४,००३ जणांना रोज वेदना होत होत्या आणि या रोज दुखणाऱ्या माणसांपैकी २६ टक्के जणांना वेदनाशामक म्हणून एक साधी गोळीसुद्धा मिळत नव्हती. पासष्ट ते चौऱ्याहत्तर या वयोगटातील अशा ३८ टक्के रुग्णांना मॉर्फीन किंवा तसेच दुसरे तीव्र वेदनाशामक मिळत होते, तर पंच्याऐंशीच्या पुढे हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले होते. वय वाढले म्हणून हाडात पसरलेला कर्करोग कमी दुखत नाही. दुखते तेवढेच, फक्त सांगण्याची ताकद कमी होते आणि ऐकणाऱ्याची निकडही.

या अभ्यासाचा उल्लेख झाला की बहुतेक वेळा बोट डॉक्टरांकडे दाखवले जाते आणि ते चुकीचेही नाही. पण या आकड्यांच्या मागे एक बाब आहे, जिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. या वेदनांची नोंद कोणी केली होती? नर्सिंग होममधल्याच कर्मचाऱ्यांनी. सात दिवस प्रत्येक निवाशाचे निरीक्षण करून, तो दुखते म्हणतो का, न बोलताही दुखल्याची लक्षणे दाखवतो का, हे त्यांनी ठरलेल्या तक्त्यात भरले होते. म्हणजे दुखणे कळलेले होते, लिहिलेलेही होते. तरीही चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक माणसांपर्यंत औषध पोहोचले नाही. मधल्या कोणत्या तरी टप्प्यावर ती नोंद निर्जीव झाली.

केअर होममधील, म्हणजे अशाच निवासी शुश्रूषागृहांतील, कर्मचाऱ्यांना आधार कसा द्यावा आणि कर्करोगाने ग्रासलेल्यांना आधार कसा द्यावा, हे दोन वेगवेगळे संशोधनविषय मानले जातात. त्यांच्या परिषदा वेगळ्या, निधी वेगळा, त्यांत बोलणारी माणसेही वेगळी. मी उपशामक सेवेच्या, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्याचा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेच्या, क्षेत्रात काम करते. केअर होममध्ये जाऊन तिथल्या मदतनिसांना शिकवणे आणि त्यांच्याकडून शिकणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि उरलेल्या वेळात मी या विषयावरचे शोधनिबंध वाचत असते. हे दोन विषय मुळात एकच आहेत, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. ज्या मदतनिसाच्या निरीक्षणाला वजन नाही, तिच्या हाताखालच्या रुग्णाच्या वेदनेलाही वजन मिळत नाही.

हे निरीक्षण नेमके कसे असते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग हाडांत पसरलेले आणि त्यात स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा डोळ्यांसमोर आणावेत. त्यांना विचारले, “दुखते का?” तर ते “नाही” म्हणतात, “बरे आहे का?” विचारले तरी “नाही”च म्हणतात. सकाळी अंग पुसायला दोघी जणी येतात. एक जण डाव्या कुशीवर वळवते, दुसरी पाठ पुसते. वळवताना आजोबांचा श्वास क्षणभर अडकतो, कपाळावर दोन उभ्या आठ्या पडतात आणि ज्या हाताने त्यांना धरलेले असते त्या हाताचे मनगट ते घट्ट आवळतात. उजव्या कुशीवर वळवताना यातले काहीच होत नाही. हे सलग चार सकाळी पाहिलेली मदतनीस सांगते, “डाव्या खुब्यात काही तरी आहे.” हे कोणत्याही एक्स-रेच्या आधीचे निदान आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, तेव्हा आजोबा उताणे निजलेले असतात, चेहरा शांत असतो, आणि प्रश्न विचारला की उत्तर “नाही” असते.

अशा न बोलणाऱ्या वेदनेसाठी संशोधकांनी साधने तयार केली आहेत आणि ती चांगली आहेत. अमेरिकेत व्हिक्टोरिया वॉर्डन, ॲन हर्ली आणि लादिस्लाव व्होलिसर यांनी २००३मध्ये ‘पेनॅड’ ही मापनपद्धती मांडली. श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहऱ्यावरचे भाव, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतो की नाही, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे, बेरीज दहापैकी. ऑस्ट्रेलियात जेनिफर ॲबी यांच्या नावाने ओळखली जाणारी मापनपट्टी २००४च्या सुमारास आली. दोन्ही पद्धती वापरायला फार शिक्षण लागत नाही, वेळ तर अगदीच थोडा लागतो. मात्र एक गोष्ट वापरणाऱ्यालाच ठाऊक असावी लागते. गुण विश्रांतीत मोजायचे की हालचालीत? हाडातला कर्करोग निजलेल्या माणसाला कधी कधी अजिबात दुखत नाही आणि कुशीवर वळवताच तो असह्य होतो. दुपारी दोन वाजता खुर्चीत बसवलेल्या आजोबांचे गुण शून्य भरतील आणि कागदावर सगळे ठीक दिसेल. म्हणून मी शिकवताना नेहमी सांगते, की तक्ता अंग पुसण्याच्या वेळीच बरोबर घेऊन जावा. ज्या हातांना कळते, त्या हातांजवळच कागद असावा.

नॉर्वेतील बेटिना हुसेबो यांनी २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. अठरा नर्सिंग होममधील, मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या आणि वर्तनात अस्वस्थता दिसणाऱ्या ३५२ निवाशांवर तो झाला. त्यांच्या काही विभागांत नेहमीचीच काळजी चालू ठेवली आणि उरलेल्या विभागांतील निवाशांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक औषधे दिली. त्यांतल्या बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल पुरले. उपचार मिळालेल्या गटातील अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. ओरडणे, हात झटकणे, मारायला धावणे याला आपण ‘स्वभाव’ किंवा ‘डोक्याचा आजार’ म्हणून मोकळे होतो. त्यातला काही भाग निव्वळ दुखण्याचा असतो. हा प्रयोग कर्करुग्णांपुरता नव्हता, पण ज्यांना कर्करोगही आहे आणि सांगताही येत नाही, त्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ अधिकच गंभीर होतो. शिवाय ज्या मदतनिसाला रोज सकाळी चिमटे आणि फटके बसतात, तिच्याही दृष्टीने पॅरासिटामॉलची ती गोळी हा आधारच आहे. कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठीच्या कार्यशाळांमध्ये याचा उल्लेख मी क्वचितच ऐकते.

आता नोंदीचे पुढे काय होते ते पाहू. मदतनिसाने सांगितलेले परिचारिकेने ऐकायचे, परिचारिकेने डॉक्टरांना फोन करायचा, डॉक्टरांनी न पाहता औषध लिहायचे की पाहून, हे ठरवायचे, औषध दुकानातून यायचे, मॉर्फीन असेल तर ते कुलपात ठेवायचे, काढताना नोंदवहीत लिहायचे आणि दुसऱ्याची साक्षीची सही घ्यायची. रात्री परिचारिका नसेल तर कुलपाची किल्ली असलेल्या माणसाची वाट पाहायची. या साखळीत प्रत्येक जण आपापल्या जागी योग्यच वागत असतो आणि तरीही दुखणाऱ्या माणसाची रात्र तशीच जाते. पाळी बदलताना भरायच्या हँडओव्हरच्या वहीत मात्र लिहिलेले असते, “रात्र शांत.” हे दोन शब्द मी असंख्य वह्यांमध्ये वाचले आहेत. त्यांचा अर्थ निवासी शांत झोपले असा असू शकतो, किंवा ओरडण्याचे बळ संपले असाही असू शकतो, किंवा एकोणीस जणांकडे पाहणाऱ्या एकटीला दुसरे काही लिहायला सवड मिळाली नाही, असाही.

साखळीत आणखी एक कडी असते, ती भीतीची. पहाटे तीन वाजता मॉर्फीनचा डोस दिला आणि पाच वाजता माणूस गेला, तर “माझ्या हातून गेला” हा विचार तो डोस देणाऱ्याच्या मनातून कित्येक महिने जात नाही. वस्तुस्थिती अशी आहे, की वेदनेच्या मानाने मोजून, थोड्यापासून सुरू करून वाढवत नेलेले मॉर्फीन मृत्यू ओढून आणत नाही. त्या माणसाचा आजारच शेवटाला आलेला असतो आणि शेवटच्या दिवसांत कोणता तरी डोस शेवटचा असणारच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली, तेव्हापासून ‘तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने’ हे सूत्र जगभर शिकवले जाते. घड्याळाप्रमाणे म्हणजे दुखून ओरडण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी. त्याशिवाय मधूनच उसळणाऱ्या वेदनेसाठी वेगळा छोटा डोस लिहून ठेवलेला असावा, आणि कुशीवर वळवण्याआधी साधारण अर्धा तास तो दिला, तर अंग पुसणे ही शिक्षा राहत नाही. मॉर्फीनबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक द्यावे लागते, नाही तर चार दिवसांनी मलावरोधाची वेदना कर्करोगाच्या वेदनेला मागे टाकते आणि पुन्हा दोष मॉर्फीनवर येतो. हे ज्ञान फार अवघड नाही. ते योग्य माणसापर्यंत, योग्य वेळी, अधिकारासह पोहोचणे अवघड आहे.

इथे सिसिली साँडर्स यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेसाठी वेगळी केंद्रे उभारणाऱ्या चळवळीच्या, जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. लंडनमध्ये १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. त्यांच्या चरित्रातील दोन तपशील मात्र त्या मानाने कमी सांगितले जातात. ठरावीक वेळेला तोंडाने मॉर्फीन देण्याची पद्धत त्यांनी आधी पाहिली ती लंडनमधील सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांसाठीच्या रुग्णालयात, जिथे त्या परिचारिका म्हणून स्वयंसेवा करत होत्या. ती तिथल्या शुश्रूषेच्या रिवाजातच होती. दुसरा तपशील असा, की हे सगळे जगाला पटवून द्यायचे तर परिचारिका किंवा समाजसेविका म्हणून आपले कोणी ऐकणार नाही, असा सल्ला त्यांना एका शल्यचिकित्सकाने दिला आणि म्हणून त्या तिशी ओलांडल्यावर वैद्यकशास्त्र शिकायला गेल्या. १९५७मध्ये डॉक्टर झाल्या. ज्ञान शुश्रूषेतच होते. त्याला मान मिळावा म्हणून एका असामान्य बाईला दुसरी पदवी घ्यावी लागली. केअर होममध्ये आज काम करणाऱ्या किती जणींना तशी सोय आहे?

प्रशिक्षणाने हे सुटेल, असे सर्वसाधारण मत आहे. माझा स्वतःचा चरितार्थ काही अंशी प्रशिक्षणावर चालतो, तरीही मला यावर जपून बोलावेसे वाटते, कारण या प्रश्नावर झालेल्या सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी एक आपल्यासमोर आहे. ‘पेस’ नावाच्या या प्रयोगात बेल्जियम, इंग्लंड, फिनलंड, इटली, नेदरलँड्स, पोलंड आणि स्वित्झर्लंड या सात देशांतील ७८ नर्सिंग होम सहभागी झाली होती आणि त्याचे निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. उपशामक सेवेचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम अर्ध्या ठिकाणी राबवला, उरलेल्या ठिकाणी नेहमीचेच काम चालू ठेवले. कार्यक्रम काळजीपूर्वक आखलेला होता. तरीही आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यातील निवाशांच्या सुखावस्थेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कर्मचाऱ्यांचे ज्ञान वाढले, पण तेही इतके थोडे, की प्रत्यक्ष व्यवहारात त्याचे महत्त्व किरकोळच म्हणावे लागेल.

हा निष्कर्ष वाचून काही जण म्हणतात, की केअर होममधल्या लोकांना शिकवून उपयोग नाही. मला तो अर्थ मुळीच मान्य नाही. ज्ञान वाढवणे हा कार्यक्रमाचा एक भाग असतो. पण ज्ञान वाढलेल्या माणसाला दुपारच्या शिफ्टला तितकेच निवासी सांभाळायचे असतात, फोन उचलायला तितकेच कमी डॉक्टर असतात आणि कुलपाची किल्ली त्याच माणसाकडे असते. त्यात या क्षेत्रात नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण सगळीकडेच मोठे. ज्यांना शिकवले त्यांतील काही जणी पुढच्या वर्षी तिथे नसतात आणि नव्या आलेल्यांनी कार्यक्रमाचे फक्त भिंतीवरचे पत्रक पाहिलेले असते. मोठ्या गळक्या टाकीत पाणी भरत राहावे तसे हे काम होते. आपण बादल्या मोजत बसतो, भोक कोणी पाहत नाही.

कागदाच्या बळावर काळजी सुधारत नाही, याचे कडवट उदाहरण इंग्लंडमध्ये घडून गेले आहे. हॉस्पिसमधली मरणसमयीची काळजी इतरत्रही मिळावी, या चांगल्या हेतूने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ हा अशा काळजीचा ठरीव आराखडा तयार झाला. तो रुग्णालयांत आणि केअर होममध्ये पसरला आणि काही ठिकाणी विचार न करता चौकोनांत खुणा करण्याचे साधन बनला. तक्रारींनंतर बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली आढावा घेतला गेला आणि २०१३मध्ये तो टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस झाली. पाथवेमधली तत्त्वे खोटी नव्हती. ती वापरणाऱ्याला शेजारी बसून विचार करायला, कुटुंबाशी बोलायला आणि शंका आली तर थांबायला जो वेळ लागतो, तो तक्त्याबरोबर पाठवलेला नव्हता.

वेदनेपलीकडेही केअर होममधल्या माणसाला कर्करोगाविषयी काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात आणि त्यांची यादी पूर्वीपेक्षा वाढली आहे. केमोथेरपी आता गोळ्यांच्या रूपात केअर होमच्या औषधांच्या कपाटात येऊन पोहोचली आहे. ती गोळी उघड्या हाताने हाताळायची नसते, गिळता येत नाही म्हणून कुटून पेजेत मिसळायची तर नसतेच, आणि केमोथेरपीनंतर निदान ४८ तास लघवी, शौच, उलटी साफ करताना हातमोजे घालायचे असतात. हे रुग्णालयात सगळ्यांना माहीत असते. केअर होममध्ये पुष्कळदा पिशवीवर चिकटवलेल्या चिठ्ठीपलीकडे काही पोहोचत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाचा ताप ३८ अंश सेल्सियसपर्यंत गेला तर सकाळची वाट पाहायची नसते, आणि आधीच पॅरासिटामॉल दिलेले असेल तर तो ताप थर्मामीटरवर दिसणारही नाही. कर्करोग असलेल्या निवाशाची पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय लुळे पडू लागले, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे तासांना महत्त्व असते. “काल चालत होत्या, आज उभ्या राहत नाहीत” हे वाक्य वहीत लिहून संपवायचे नसते.

उलट बाजूही आहे. वृद्धांना कर्करोगाचे कोणते उपचार झेपतील, याचा निर्णय बहुतेक वेळा त्यांना पंधरा मिनिटे पाहणाऱ्या माणसाकडून होतो. सुप्रिया मोहिले आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सत्तरी गाठलेल्या, पुढच्या टप्प्यातील कर्करोगाच्या ७१८ रुग्णांचा समावेश होता. चालणे, स्मरणशक्ती, खाणेपिणे, इतर आजार, घरचा आधार यांचे पद्धतशीर मूल्यमापन करून त्याची माहिती कर्करोगतज्ज्ञाला दिली, तेव्हा उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले, आणि जगण्याचा काळ त्यापायी घटला नाही. या मूल्यमापनातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर केअर होममधील मदतनिसाला तोंडपाठ असते. किती पावलांनंतर दम लागतो, कोणता घास तोंडात फिरत राहतो, कपडे घालताना कोणत्या बाहीत हात अडकतो, हे तिला विचारून पाहावे. विचारले मात्र जात नाही. रुग्णालयाच्या खुर्चीवर रुग्णाशेजारी ती बसलेली असते आणि प्रश्न तिच्या डोक्यावरून, क्वचितच भेटायला येणाऱ्या मुलाला विचारले जातात.

आता जिला खरोखर ‘कर्मचाऱ्यांचा आधार’ म्हणता येईल, त्या गोष्टीकडे येते. केअर होममधले नाते रुग्णालयातल्यासारखे चार दिवसांचे नसते. दोन-तीन वर्षे रोज सकाळी केस विंचरून दिलेले असतात. मग एक दिवस त्या बाई जातात, संध्याकाळपर्यंत गादी उलटी करून, चादर बदलून खोली तयार होते आणि परवा तिथे दुसरे कोणी येते. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा दुःखाची मांडणी केली, जे दुःख करण्याचा हक्क समाज त्या माणसाला देत नाही. मदतनीस ही ना नातेवाईक, ना मैत्रीण, तिने रडले तर “एवढे काय मनाला लावून घ्यायचे” आणि नाही रडली तर “यांना काही वाटतच नाही.” कर्करोगात हे आणखी अवघड होते, कारण शेवट पुष्कळदा हळूहळू आणि डोळ्यांसमोर येतो: वजन घटते, जखमेला वास येऊ लागतो, तोंड कोरडे पडते, आणि दर दोन तासांनी ओल्या स्पंजने ओठ पुसणारे हात तेच असतात.

या बाबतीत जो प्रयत्न मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो, तो एका कर्करुग्णापासून सुरू झाला. केनेथ श्वार्ट्झ हे बॉस्टनमधील आरोग्यक्षेत्रातले वकील. वयाच्या चाळिशीत, १९९४मध्ये, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. जाण्याआधी त्यांनी आपल्या अनुभवावर लेख लिहिला आणि काळजी घेणाऱ्यांच्या छोट्या छोट्या माणुसकीच्या कृतींनी असह्य ते सह्य केले, असे त्यात सांगितले. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या केंद्राने १९९७मध्ये अशा बैठका सुरू केल्या, जिथे डॉक्टरपासून सफाई कामगारापर्यंत सगळे एकत्र बसतात आणि एखाद्या प्रसंगाविषयी बोलतात. उपाय शोधण्यासाठी नव्हे, तर त्या प्रसंगात आपल्याला काय वाटले ते सांगण्यासाठी. इंग्लंडमध्ये जिल माबेन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात, नियमित येणाऱ्यांमधील मानसिक त्रासाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते, तर न येणाऱ्यांमध्ये फारसा बदल नव्हता. अर्थात बैठकीला यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवले होते, त्यामुळे या फरकाचे सगळे श्रेय बैठकांना देता येत नाही. केअर होममध्ये असा मोठा घाट घालणेही कठीण; एवढी माणसे एकाच वेळी मोकळी कुठून करणार? तिथे ब्रिटनमधील परिचारिका आणि संशोधक जो हॉकली यांनी नर्सिंग होममध्ये वापरलेली पद्धत अधिक जुळते. मृत्यूनंतर काही दिवसांतच छोट्या गटाने बसायचे आणि काय घडले, काय बरे झाले, काय वेगळे करता आले असते, आपण यातून काय शिकलो, हे बोलायचे. यात शोकालाही जागा मिळते आणि शिक्षणही होते, आणि मुख्य म्हणजे डाव्या खुब्याविषयी आपण सांगितले होते ते कोणी ऐकले नाही, हे ज्येष्ठांसमोर बोलून दाखवता येते.

‘कर्करोगाची झळ बसलेले’ म्हणताना आपण रुग्ण आणि कुटुंब डोळ्यांसमोर आणतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार जगात पाचांपैकी एका माणसाला आयुष्यात कधी तरी कर्करोग होतो. मग केअर होममधल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना तो झालेला असणार, आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक जणींनी आई, बहीण, नवरा यांच्या उशाशी रात्री काढलेल्या असणार. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेली मदतनीस दुसरीच्या स्तनावरची जखम धुते, तेव्हा त्या खोलीत रुग्ण एक नसतो. हे तिने कोणाला सांगावे? पाळीपत्रक लावणाऱ्याला हे माहीत असण्याची व्यवस्था मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. याच आंतरराष्ट्रीय संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७मध्ये ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात टाकले आणि २०१९मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवले. हा पुरावा मर्यादित आहे, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण रात्रपाळी करून सकाळी घरी गेलेल्या बाईला तपासणी केंद्राची सकाळी दहाची वेळ दिली, तर ती जाणार नाही, हे समजायला कोणत्याही प्रयोगाची गरज नाही. कर्मचाऱ्यांच्या आधारासाठी निधी मिळाला, की श्वसनाचे व्यायाम शिकवणाऱ्या ॲपवर तो खर्च होतो, याचे मला नवल वाटते. तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी द्यावी, असे त्यांपैकी एकाही प्रकल्पात लिहिलेले मी वाचले नाही.

केअर होममध्ये संशोधन करणे सोपे नाही, हे मान्यच केले पाहिजे. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची संमती कशी घ्यायची, हा प्रश्न असतो. अभ्यास संपायच्या आत सहभागी निवासी दगावतात. व्यवस्थापक बदलला की प्रकल्प थांबतो. आणि चाळीस प्रश्नांची प्रश्नावली मदतनिसाने कधी भरायची, तर तिच्या जेवणाच्या सुटीत, असे गृहीत धरलेले असते. ती भरून घेणारी तरुण संशोधक दारात उभी असते, आत बेल वाजत असते. अशा वेळी तिसाव्या प्रश्नापुढे सगळ्या खुणा एकाच रांगेत पडतात, हे त्या कागदांचे विश्लेषण करणाऱ्यांनाही चांगलेच ठाऊक असते.

पुढच्या प्रयोगात काय मोजावे, असे मला कोणी विचारले, तर मी ज्ञानाची चाचणी बाजूला ठेवीन आणि एकच वेळ मोजायला सांगेन: मदतनिसाने “दुखते आहे” असे पहिल्यांदा सांगितले तेव्हापासून त्या माणसाच्या तोंडात औषध जाईपर्यंत किती तास गेले. त्यासाठी तिच्या तोंडी सांगण्याचीही वेळ नोंदवावी लागेल, म्हणजे तिचे सांगणे ही एक घटना आहे, हे आधी मान्य करावे लागेल. रात्रीचे तास वेगळे मोजावेत, सुटीच्या दिवसांचे वेगळे. औषध दिल्यावर तासाभराने पुन्हा पाहिले का, तेही लिहावे. आणि हे आकडे दर महिन्याला, संशोधकांच्या संगणकात जाण्याआधी, ज्यांनी ते सांगितले त्यांच्यासमोर मांडावेत. जेवणाच्या सुटीत नव्हे, कामाच्या वेळेत.